ओल्ड फॅशन्ड: घरी करायचं की तयार बाटली आणायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही न्यू जर्सीत राहता. दिवाळीनंतरच्या शनिवारी घरी बाराएक माणसं जेवायला येणार आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना ओल्ड फॅशन्ड हे व्हिस्कीचं कॉकटेल आवडतं. दारूच्या दुकानात त्याच्या तयार बाटल्या मिळतात. त्यांतली एक आणून पाहिलीत, ती गोड आणि पातळ लागली. आता बिटर्स (कडवट, मसालेदार अर्क), पाक, बर्फ, संत्र्याची साल असा सगळा खटाटोप घरी करावा, की जरा महागातली दुसरी तयार बाटली आणावी?

माझं उत्तर असं की बाटलीच ठेवा, पण ती तुमची तुम्ही भरा. व्हिस्की, पाक, बिटर्स आणि पाणी आदल्या दिवशी एका बाटलीत मिसळून फ्रिजमध्ये ठेवायचं. बर्फ आणि साल तेवढी ऐन वेळी. मी आधी मुंबईतल्या हॉटेलांत आणि आता बरीच वर्षं न्यूयॉर्कमध्ये बारच्या मागे उभी राहते, आणि गर्दीच्या रात्री आम्हीही हेच करतो. प्रत्येक ग्लास नव्याने मोजत बसलं तर दहाव्या ग्लासाला हात चुकतो. मोठं माप एकदाच नीट मोजलं की सगळे ग्लास सारखे उतरतात. तेव्हा आधी मिसळून ठेवण्यात कमीपणा काहीच नाही. फरक पडतो तो कुणी मिसळलं, कशात मिसळलं आणि पाण्याचा हिशेब कुणी केला यामुळे.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घरी केलेलं ओल्ड फॅशन्ड बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळेच, आणि दुकानातलं बिघडतं त्यातही पाण्याचा हात असतो.

न्यूयॉर्क राज्यात हडसन नावाचं एक गाव आहे. तिथल्या वर्तमानपत्राला १८०६ सालच्या मे महिन्यात एका वाचकाने कॉकटेल म्हणजे काय असं विचारलं होतं. संपादकाने उत्तर दिलं: कुठलंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. एवढंच. पुढे एकोणिसाव्या शतकात बारवाल्यांनी त्यात नाना लिक्युअर (गोड, सुवासिक मद्यं) घालायला सुरुवात केली, तेव्हा जुनी गिऱ्हाइकं 'आम्हाला जुन्या पद्धतीचंच द्या' म्हणू लागली आणि तेच नाव चिकटलं. केंटकीतल्या लुइव्हिल शहराचा पेंडेनिस क्लब हे कॉकटेल आपल्याकडे जन्मल्याचं सांगतो, पण क्लब स्थापन झाला १८८१ मध्ये आणि शिकागोच्या वर्तमानपत्रात हे नाव १८८० मध्येच छापलेलं आहे. तरीही लुइव्हिलचं प्रेम खरं आहे. २०१५ मध्ये त्यांनी हे शहराचं अधिकृत कॉकटेल म्हणून जाहीर केलं. मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या चार वस्तूंत पाणी आहे, नाव घेऊन आहे. आजच्या बहुतेक पाककृतींत ते लिहिलेलंच नसतं, कारण ते बर्फातून येईल असं गृहीत धरलेलं असतं.

बर्फातून ते येतंच. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. पेय थंड होतं ते मुख्यतः त्या वितळण्यामुळे. म्हणजे थंड करणं आणि पाणी घालणं ही दोन वेगळी कामं नाहीत, एकच काम आहे. घरातल्या तापमानाची ६० मिली व्हिस्की, थोडा पाक आणि बिटर्स बर्फावर ओतून नीट ढवळलं, तर गार होईपर्यंत साधारण १५ ते २० मिली पाणी त्यात उतरतं. मूळ पेयाच्या पाव भागाच्या आसपास. त्या पाण्याने व्हिस्कीचा चटका उतरतो, वास मोकळा होतो आणि साखर जिभेवर पसरते. पाणी कमी पडलं तर पेय जळजळतं आणि पाकासारखं चिकट लागतं. जास्त झालं तर पन्हं.

आता हेच तयार बाटलीला लावून पाहा. 'ऑन द रॉक्स' या नावाने मिळणाऱ्या ओल्ड फॅशन्डवर ३५ टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं, 'बुलेट'च्या बाटलीवर ३७.५ टक्के. त्यांत जी व्हिस्की आहे ती एरवी स्वतःच्या बाटलीत याहून कडक असते. म्हणजे त्यांनी पाक आणि पाणी मिळून बराचसा हिशेब आधीच करून टाकला आहे. ती बाटली खोलीच्या तापमानाला ठेवून, चुऱ्यासारख्या बर्फावर ओतून, वर अर्धा मिनिट ढवळली, तर पाणी दुसऱ्यांदा पडतं. तुमची बाटली पातळ लागली यामागे हे असण्याची दाट शक्यता आहे. गोड लागण्यामागे दोन गोष्टी असाव्यात. एक म्हणजे अशा बाटल्यांत साखर जरा सढळ हाताने घालतात, कारण त्या सगळ्यांना चालाव्या लागतात. दुसरी, कोमट पेय नेहमी जास्त गोड लागतं. तेच फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून प्यायलात तर तुमचं मत थोडं तरी बदलेल.

तयार कॉकटेलला मी नावं ठेवणार नाही. ही काही कालपरवाची युक्ती नव्हे. कनेटिकटमधल्या हार्टफर्डच्या ह्यूब्लाइन या घराण्याने १८९२ मध्ये मॅनहॅटन आणि मार्टिनी ही कॉकटेल बाटलीत भरून विकायला सुरुवात केली होती. आणि २०१३ मध्ये लंडनमध्ये रायन चेतियावर्धना यांनी 'व्हाइट लायन' नावाचा बार उघडला, तिथे बर्फ नव्हता, ताजं लिंबू नव्हतं, सगळी कॉकटेल आधीच मोजून बाटल्यांत भरलेली असायची. आमच्या धंद्यातली माणसं आधी बिचकली आणि मग तिथून शिकून आली. पाणी मोजून घालता येतं, ते बर्फाच्या लहरीवर सोडायची गरज नाही, ही गोष्ट त्या बारने आम्हाला नीट दाखवून दिली.

मग तुमची बाटली कशी भरायची? एक लिटरची काचेची, घट्ट बुचाची बाटली घ्या. त्यात ७५० मिलीची व्हिस्कीची अख्खी बाटली ओता. ६० मिली दाट पाक घाला. २० मिली अँगोस्टुरा बिटर्स. आणि पाणी, व्हिस्की ४५ टक्क्यांची असेल तर १२० मिली, ५० टक्क्यांची असेल तर १५० मिली. पाणी पिण्याचंच, पण नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर गाळलेलं घ्या. बाटली हळू उलटीपालटी करा आणि फ्रिजमध्ये उभी ठेवा. यातून बारा ग्लास निघतात, प्रत्येकी ८० मिलीच्या आसपास. अल्कोहोल ३६ ते ३९ टक्क्यांवर येतं, म्हणजे चांगल्या तयार बाटलीइतकं किंवा जरा वर. फ्रिजमधून काढलेलं हे मिश्रण मोठ्या बर्फावर ओतलं की लगेच चारपाच मिलीच पाणी पडतं. बाकीचं पिता पिता. म्हणूनच पाणी आधी घालायचं. ते वगळून नुसती व्हिस्की-पाक-बिटर्स फ्रिजमध्ये ठेवली तर ग्लासातलं पेय गार असेल पण कडक, आणि पाहुणे दोन घोट घेऊन 'जरा सोडा आहे का' विचारतील.

पाक म्हणजे आपल्या गुलाबजामांचा पाक नव्हे, तो शिजवायचा नाही. दोन भाग साखर, एक भाग गरम पाणी, दोन्ही वजनाने, आणि विरघळेपर्यंत ढवळणं. इथे डेमेरारा किंवा टर्बिनाडो नावाने मिळणारी तपकिरी दाणेदार साखर वापरा. तिच्यातली मळीची हलकी चव व्हिस्कीत उतरलेल्या ओकच्या पिंपाच्या चवीशी जुळते. या पाकाच्या ५ मिलीत साधारण एका साखरेच्या वडीएवढी साखर असते. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीत ४५ मिली व्हिस्कीला एक वडी सांगितली आहे. मी ६० मिलीला तेवढीच घेते. म्हणजे माझं ओल्ड फॅशन्ड त्यांच्याहून कमी गोड आहे, आणि तुमची तक्रार गोडपणाचीच असल्यामुळे तुम्हाला ते आवडेल असं मला वाटतं. ग्लासात साखरेची वडी कुटून करण्याची रीत दिसायला छान आहे, पण थंड व्हिस्कीत साखर नीट विरघळत नाही आणि शेवटचा घोट किरकिरीत गोड येतो. घरच्या बारा पाहुण्यांसाठी तर तो विचारही करू नका.

व्हिस्की कोणती, यावर लोक तासन् तास बोलतात. मी एवढंच म्हणेन की ५० टक्क्यांच्या आसपासची अमेरिकन व्हिस्की घ्या. साखर, बिटर्स आणि पाणी मिसळल्यावर ४० टक्क्यांची मऊ व्हिस्की हरवून जाते. इथे अमेरिकेत एक सोय आहे, ती म्हणजे 'बॉटल्ड इन बाँड' असं लिहिलेल्या बाटल्या. १८९७ च्या कायद्याने त्या शब्दांना अर्थ दिला: एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामाची, सरकारी देखरेखीतल्या गोदामात किमान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्क्यांना भरलेली. भेसळीच्या काळात गिऱ्हाइकाला खात्री मिळावी म्हणून केलेला हा कायदा आज कॉकटेल करणाऱ्यांच्या भलताच पथ्यावर पडला आहे. बर्बनमध्ये इव्हान विल्यम्सची पांढऱ्या लेबलची बाटली, राय या धान्याच्या व्हिस्कीत रिटनहाउस, दोन्ही याच वर्गातल्या आणि खिशाला झेपणाऱ्या. बर्बन म्हणजे निदान ५१ टक्के मका आणि आतून जाळलेली नवी ओकची पिंपं, त्यामुळे ती गोडसर, व्हॅनिलासारखी. राय अधिक तिखट, मिऱ्यासारखी. ज्यांना ओल्ड फॅशन्ड गोड लागतं त्यांना मी राय देते, आणि नव्वद टक्के भांडण तिथेच मिटतं. महागडी, बारा-पंधरा वर्षं मुरलेली बाटली मात्र यात घालू नका. तिच्यासाठी वेगळा ग्लास आणि वेगळी संध्याकाळ.

बिटर्सची बाटली पहिल्यांदा घेताना माणसाला वाटतं, एवढ्याशा बाटलीला एवढे पैसे? अँगोस्टुराची ११८ मिलीची बाटली घ्या. वर दिलेल्या मापाने पाच बाटल्या भरून ती उरेल. योहान सीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १८२४ मध्ये व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावी ती पोटाचं औषध म्हणून बनवली. पुढे त्यांच्या मुलांनी धंदा त्रिनिदादला नेला आणि तो आजही तिथेच आहे. ती ४४.७ टक्क्यांची आहे, त्यामुळे फ्रिजशिवाय वर्षानुवर्षं टिकते. घाई असेल तेव्हा लोक ती वगळतात आणि मग गोड व्हिस्की पितात. मसाल्याशिवायची आमटी होईल तसं. एक सावधगिरी मात्र बाळगा: बाटली भरताना २० मिलीवर जाऊ नका. एका ग्लासात तीन डॅश (बाटली झटकून पडणारे थेंब) चालतात म्हणून बाराला छत्तीस असा गुणाकार केला तर बिटर्स अंगावर येतं, कारण बाटलीत दिवसभर राहिल्यावर त्याचा मसाला पसरतो. कमी वाटलं तर ग्लासात वरून एक डॅश घालता येतो. जास्त झालेलं काढता येत नाही. ऑरेंज बिटर्स मिळालं तर ५ मिली तेही घाला.

आता बाटलीत मावत नाहीत त्या दोन गोष्टी, बर्फ आणि साल. तुमची सगळी मेहनत त्यांवर खर्च करा.

संत्र्याची साल ग्लासावर धरून बोटांनी पिळली की तिच्यातलं तेल फवाऱ्यासारखं उडतं. त्या तेलात मुख्यतः लिमोनीन असतं आणि ते ताजं असतानाच सुंदर असतं. हवेशी संपर्क आला की त्याचा वास बोथट होत जातो. म्हणून तयार बाटलीत कारखान्याला संत्र्याचा अर्क किंवा 'नॅचरल फ्लेवर' घालावं लागतं, आणि त्याचा वास गोळीच्या संत्र्यासारखा येतो. म्हणूनच घरच्या बाटलीतही साल टाकून ठेवू नका, दोन दिवसांत पांढऱ्या भागाचा कडूपणा उतरतो. भाजी सोलायच्या सोलाण्याने दोन बोटं रुंद आणि बोटभर लांब पट्टी काढा, पांढरा भाग कमीत कमी. रंगीत बाजू पेयाकडे ठेवून पिळा, कडेवरून एकदा फिरवा आणि ग्लासात टाका. संत्रं घट्ट, जाड सालीचं, नेव्हल जातीचं असावं आणि आधी गरम पाण्याने धुऊन मेण काढावं. साली संध्याकाळी पाहुणे यायच्या तासभर आधी काढून ओल्या रुमालाखाली ठेवल्या तर चालतं, त्याहून आधी नको. एवढी एक गोष्ट केली तरी मध्यम दर्जाचं पेय चांगलं होतं, हे मी खात्रीने सांगते.

बर्फासाठी दोन इंची चौकोनी सिलिकॉनचे साचे आणा आणि तीन दिवस आधीपासून गोठवून पिशवीत जमा करा. मोठा तुकडा हळू वितळतो, कारण त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी असतो. आरपार पारदर्शक बर्फ हवा असेल तर छोटा पिकनिकचा कूलर झाकणाशिवाय पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवा. वरून खाली एकाच दिशेने गोठत जातं, हवा आणि अशुद्धी खाली ढकलली जाते, आणि शेवटचा न गोठलेला भाग टाकून दिला की वर काचेसारखी लादी मिळते. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅम्पर इंग्लिश यांनी २००९ मध्ये ही रीत लोकांसमोर मांडली आणि आज जगभरचे बार ती वापरतात. बारा पाहुण्यांना ती आवश्यक नाही. आवश्यक आहे ते बर्फाला वास नसणं. ज्या फ्रीझरमध्ये ओलं खोबरं, सुकट आणि वाटलेलं आलं-लसूण आहे, तिथला उघडा ठेवलेला बर्फ ते सगळं शोषून घेतो. झाकणाचे साचे घ्या, नाहीतर गोठल्या गोठल्या बर्फ बंद पिशवीत टाका.

पैशाचं गणित किंमतीने करू नका, अल्कोहोलने करा, म्हणजे फसगत होत नाही. ३७५ मिलीच्या ३५ टक्क्यांच्या तयार बाटलीत १३१ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ७५० मिलीच्या ५० टक्क्यांच्या व्हिस्कीत ३७५ मिली. म्हणजे ती छोटी बाटली व्हिस्कीच्या बाटलीच्या साधारण ३५ टक्के किमतीला मिळाली तर मिसळणं जवळजवळ फुकट पडलं. त्याहून जितके जास्त, तितके पैसे तुम्ही मिसळणं, छोटी काच आणि लेबल यांचे देता. साखर तर नगण्य, बिटर्स ग्लासामागे दीड-दोन मिली. तुमच्या दुकानातल्या दोन किमती घेऊन हे गणित स्वतः करा. बारा माणसांसाठी घरची बाटली स्वस्त पडेल, आणि पाहुण्यांच्या पोटात कोणती व्हिस्की जाते आहे हेही तुम्हाला माहीत असेल.

कारण तयार बाटलीवर ते नेहमी लिहिलेलं नसतं. अमेरिकेत मद्याच्या बाटलीवर घटकांची पूर्ण यादी देणं सक्तीचं नाही. व्हिस्कीचं नाव ठळक लिहिलेलं असेल तर ठीक. 'माल्ट बेव्हरेज' (बिअरच्या जातीचं पेय) किंवा वाइनपासून केलेलं असं बारीक अक्षरात दिसलं तर त्यात व्हिस्की असेलच असं धरून चालू नका. परवान्याच्या सोयीसाठी असे प्रकार बनतात आणि व्हिस्की विकायला परवानगी नसलेल्या दुकानांतही ते मिळतात. पुढचं लेबल सोडा, मागचं वाचा.

तयार बाटली घ्यावी असे प्रसंग आहेत, आणि ते मी मनापासून सांगते. वर्षातून दोनदा कॉकटेल पिणाऱ्याने बिटर्स आणून ठेवू नये. सहलीला, हॉटेलच्या खोलीत, दुसऱ्याच्या घरी भेट म्हणून, तयार बाटली उत्तम. आणि मॅनहॅटनच्या बाबतीत तर तयार बाटलीची बाजू ओल्ड फॅशन्डपेक्षा भक्कम आहे. मॅनहॅटनमध्ये दोन भाग रायला एक भाग गोड व्हर्मूथ लागतं, आणि व्हर्मूथ ही वाइन आहे. एकदा उघडली की फ्रिजमध्येही महिना-दीड महिन्यात तिची रया जाते. कित्येक घरांत ती दोन वर्षं कपाटात उभी दिसते आणि घरचे म्हणतात, मॅनहॅटन काही जमत नाही. महिन्याला एकच ग्लास पिणाऱ्याला चांगल्या कंपनीचं बाटलीतलं मॅनहॅटन त्या शिळ्या व्हर्मूथपेक्षा कितीतरी बरं, कारण व्हिस्कीच्या संगतीत व्हर्मूथ टिकते.

व्हिस्की सावरचं याच्या अगदी उलट. त्यात ताज्या लिंबाचा रस आहे आणि तो काही तासांत उतरतो. बाटलीतल्या सावरमध्ये सायट्रिक ॲसिड आणि टिकवण्यासाठी लागणारी इतर द्रव्यं घालावी लागतात, चव त्याचीच येते. कुणा पाहुण्याला सावर हवं असेल तर व्हिस्की आणि पाक मोजून ठेवा, लिंबं त्याच संध्याकाळी पिळा: ६० मिली व्हिस्की, २० मिली रस, साधा एकास एक पाक २० मिली, बर्फ घालून जोरात हलवा, गाळा. आणि कुणी विस्कॉन्सिनहून आलं असेल तर ते ओल्ड फॅशन्ड म्हणून ब्रँडी, चेपलेलं संत्रं, चेरी आणि वरून सोडा मागतील. तिथे तेच ओल्ड फॅशन्ड आहे, आणि ते त्यांना आनंदाने करून द्या.

एक गोष्ट यजमान म्हणून लक्षात ठेवा. अमेरिकेत एक प्रमाणित पेय म्हणजे १४ ग्रॅम, साधारण १७.७ मिली शुद्ध अल्कोहोल. तुमच्या बाटलीतल्या एका ग्लासात सुमारे ३० मिली असेल, म्हणजे पावणेदोन पेयं. गार, नीट पाणी पडलेलं ओल्ड फॅशन्ड सहज उतरतं, चटका देत नाही. 'दोनच घेतले' म्हणणाऱ्याने साडेतीन घेतलेले असतात. हे पाहुण्यांना आधीच सांगा. न्यू जर्सीत घरी परतायचं म्हणजे गाडी आली, तेव्हा कोण चालवणार हे पहिल्या ग्लासाआधी ठरलेलं असावं. ग्लास भरण्याचं काम एकाच माणसाकडे ठेवा आणि माप मोजूनच भरा. जेवण लवकर वाढा. शेव-चकली चालेल, पण रिकाम्या पोटी हे पेय देऊ नये.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की पुण्यातल्या भावाला हेच करायचं असेल तर काय. तिथे बाटलीबंद व्हिस्की साधारण ४२.८ टक्क्यांची मिळते, त्यामुळे त्याने पाणी १२० ऐवजी ९० मिली घालावं. स्वस्त देशी व्हिस्की टाळावी, कारण त्यांतल्या बऱ्याचशांत मळीपासून केलेलं मद्य मिसळलेलं असतं आणि पाक-बिटर्स घातल्यावर मागे काहीच उरत नाही. गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉन किंवा बंगळुरूची अमृत या सिंगल माल्टचं ओल्ड फॅशन्ड छान होतं. धुराचा वास नसलेली घ्यावी. पॉल जॉनची ब्रिलियन्स ४६ टक्क्यांची आहे, तिला १२० मिली पाणी बरोबर बसतं. या माल्टबरोबर मला गुळाचा पाक आवडतो, पण तो फडक्यातून दोनदा गाळावा, नाहीतर बाटलीच्या तळाशी गाळ बसतो. गुळाला खारट चव असते, म्हणून ६० ऐवजी ५० मिलीपासून सुरुवात करून चाखत जावं.

राहिली ती तुमच्याकडची अर्धी उरलेली गोड बाटली. ती ओतून देऊ नका. तुम्ही आणाल त्या ५० टक्क्यांच्या रायमधली थोडी बाजूला काढून ठेवा. रिकाम्या ग्लासात तयार पेय ६० मिली, राय १५ मिली, अँगोस्टुराचे दोन डॅश. मोठा बर्फाचा तुकडा, दहा-बारा वेळा ढवळणं, त्याहून जास्त नाही. वर ताजी साल. गोडपणा पाचव्या भागाने कमी होतो, मसाला वर येतो आणि राय मध्ये कणा आणते. चाखून अजून गोड वाटलं तर राय २० मिलीपर्यंत न्या. हा प्रयोग शनिवारच्या आधी एकदा करून पाहा, त्यातून तुमच्या जिभेला साखर किती चालते हे कळेल आणि मोठ्या बाटलीत पाक ६० मिली घालायचा की ५० हे ठरवता येईल.